मुलाखतीच्या तयारीचा वर्ग: बोलायला चांगले शिकवतात, दिसायला मात्र जुन्याच पद्धतीने

नागपुरातल्या शंकरनगर चौकाच्या परिसरातील एका मुलाखत-तयारी वर्गात माझ्या भाचीने यंदाच्या उन्हाळ्यात नाव घातले. पालकांना काही तासिकांना मागच्या बाकांवर बसू देण्याची या वर्गाची पद्धत आहे, आणि तिचे आईवडील गोंदियाला असल्यामुळे तिची मावशी म्हणून मी बसले. मी मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातील एका खासगी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते आणि उमेदवारांच्या मुलाखती घेणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. त्यामुळे हे परीक्षण जितके पालकाचे आहे तितकेच टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या व्यक्तीचेही आहे. वर्गाचे नाव लिहीत नाही. धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत असे वर्ग आहेत आणि त्यांची माहितीपत्रके चाळली तर क्रम, शब्द आणि छायाचित्रेसुद्धा सारखीच आढळतात. माझे मत आधीच सांगते: बोलण्याची तयारी या वर्गात फार चांगली करून घेतात, दिसण्याची तयारी बरीचशी कालबाह्य आहे आणि एका ठिकाणी ती सरळ आक्षेपार्ह आहे.

फी साडेसहा हजार रुपये, शिवाय जीएसटी. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, एसी व्यवस्थित चालतो, गाडी लावायला मात्र जागा नाही. लिफ्ट बहुतेक वेळा बंद असते, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचा उमेदवार या वर्गापर्यंत पोहोचूच शकत नाही. मी काउंटरवर तसे विचारले तेव्हा ‘असे कोणी येत नाही’ असे उत्तर मिळाले. लिफ्ट बंद असल्यावर कोण येणार, हा प्रश्न काउंटरवरच्या ताईंना पडलेला दिसला नाही.

प्रथम जे चांगले आहे त्याविषयी. सराव-मुलाखत हा या वर्गाचा खरा ऐवज आहे. तिघांचे मंडळ बसते, त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी असतात, सगळे चित्रित होते आणि नंतर ते चित्रण उमेदवाराला एकट्याला बसवून दाखवतात. चारचौघांत चुका काढत नाहीत, हे मला विशेष आवडले. राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत मुलाखतीला २७५ गुण असल्यामुळे त्या परीक्षेची मुलेही येथे बरीच येतात. त्यांपैकी भंडारा जिल्ह्यातल्या एका मुलाला गोसेखुर्द धरण प्रकल्पाबद्दल विचारले, तेव्हा त्याने पायाभरणीच्या वर्षापासून पाठ केलेले आकडे धडाधड सांगायला सुरुवात केली. बँकेतल्या त्या सरांनी त्याला शांतपणे थांबवले आणि विचारले, “तुमच्या गावाला कालव्याचे पाणी येते का?” मुलगा क्षणभर गप्प झाला आणि मग आपल्या वडिलांच्या धानाच्या शेताबद्दल इतके नेमके बोलला की मंडळातल्या तिघांनीही पेन खाली ठेवले. माझ्या भाचीला तिच्या बोलण्यातली एकच गोष्ट दाखवली: उत्तर संपल्यावरही ती बोलत राहते आणि शेवटच्या दोन वाक्यांत आधीचे चांगले उत्तर स्वतःच पातळ करते. हे घरचे कोणी सांगू शकले नसते, आणि सांगितले असते तरी तिने ऐकले नसते.

आता ‘व्यक्तिमत्त्व’ या नावाखाली चालणाऱ्या तासिका. भिंतीवर सुटाबुटातल्या एका पुरुषाचे आणि फिक्या रंगाची साडी नेसलेल्या एका बाईचे मोठे चित्र लावलेले आहे आणि त्यावर बाणांनी सूचना लिहिल्या आहेत: दाढी नको, केस कानावर नकोत, टायचे टोक पट्ट्याच्या बकलपर्यंत, मोजे पँटच्या रंगाचे, बांगडी एकच, केस बांधलेले. प्रशिक्षक एकेकाची नखे पाहत रांगेतून फिरतात. एका मुलाच्या कानात बाळी होती, ती त्याला तिथल्या तिथे काढायला लावली. पेशव्यांच्या चित्रांत कानातली भिकबाळी आपण कौतुकाने पाहतो, हे त्या वेळी मनात आल्यावाचून राहिले नाही. ब्लेझर सर्वांना सक्तीचा. २३ मे २०१३ रोजी ज्या शहराने ४७.९ अंश तापमान सोसले त्या शहरात, मे महिन्यातल्या दुपारच्या मुलाखतीला लोकरमिश्रित ब्लेझर घालून दुचाकीवरून जायचे, हा सल्ला ज्यांनी दिला ते स्वतः अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होते.

या सगळ्यामागे वर्गाचे एकच गृहीतक आहे, ते म्हणजे ‘पहिल्या तीस सेकंदांत निर्णय झालेला असतो’. पहिल्या नजरेचा परिणाम होतो हे मी नाकारत नाही. मंडळावर बसणारी माणसेच असतात. पण तो परिणाम होतो म्हणूनच तर बऱ्याच कंपन्यांनी आपली पद्धत बदलली आहे. आमच्याकडे अर्जावर छायाचित्र घेत नाही, एका पदाच्या सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारतो आणि प्रत्येक सदस्याने आपले गुण आपसांत बोलण्यापूर्वी कागदावर लिहून मोकळे व्हायचे, असा नियम आहे. कपड्यांपुरते बोलायचे तर इन्फोसिससारख्या, टायसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने २०१५ मध्येच आठवडाभर साध्या कपड्यांना मुभा दिली होती. सरकारी कचेऱ्यांचे चित्र वेगळे आहे, पण तेही स्थिर नाही. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि चपलांची मनाई केली, शुक्रवारी खादी वापरावी असे सुचवले, आणि काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी उठवून टी-शर्टवरची तेवढी ठेवली. शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना मार्च २०२४ मध्ये निघाल्या. म्हणजे कोणत्या दारातून आत जायचे आहे त्याप्रमाणे कपड्यांचे नियम निराळे आहेत. साडेसहा हजार रुपये घेणाऱ्या वर्गाने हे वेगळेपण समजावून सांगायला हवे, पण येथे बँक, विमान कंपनी, शाळा आणि सॉफ्टवेअर या सगळ्यांना एकच चित्र आणि एकच ब्लेझर.

गोंदणाच्या बाबतीत तर अपुरी माहिती नुकसान करू शकते. ‘टॅटू असेल तर विसरा’ असे एका वाक्यात सांगून प्रशिक्षक पुढे गेले. वस्तुस्थिती अशी आहे की सैन्यदलाच्या भरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला असलेले गोंदण चालते, आणि आदिवासी उमेदवारांना त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. गडचिरोली आणि गोंदियाकडून मुले जिथे शिकायला येतात त्या नागपुरात हे माहीत नसणे मला तरी समजले नाही. वर्गात एका मुलीच्या मनगटावर हिरवे पडलेले जुने गोंदण होते. तिने तासिका संपेपर्यंत हात ओढणीखाली ठेवला. तिच्या आजीच्या कपाळावर आणि हातांवर तसेच गोंदण असेल आणि ते कोणाला गैर वाटले नसेल. नोकरी मागायला शहरात आले की तेच अंग झाकायला लागते.

येथपर्यंत वाचून कोणी असा अर्थ काढील की माझ्या मते कपड्यांना काही महत्त्व नाही. तसे नाही, आणि ते याच वर्गात मला एका मुलाने नीट ऐकवले. इंदोरा या आंबेडकरी वस्तीतून येणारा, अभियांत्रिकीची पदवी घेतलेला तो मुलगा सुटात फार रुबाबदार दिसत होता. मधल्या सुटीत मी त्याला म्हटले की आमच्याकडे इतके नटून कोणी येत नाही, साधा शर्टही चालतो. तो म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे चालत असेल. पण मी टी-शर्ट घालून आलो की गेटवरचा गार्ड मला डिलिव्हरीवाला समजून मागच्या गेटकडे पाठवतो. सूट घातला की सॅल्यूट मारतो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे आणि चौकाचौकांत निळ्या सुटातले बाबासाहेब उभे आहेत, तेथे सूट म्हणजे केवळ साहेबी अनुकरण असे म्हणणे उथळपणाचे होईल. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाका, असे सांगितले होते. कपडा पाहून माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजात कपडा बदलणे हीच एक कृती होती. दुसरीकडे १९२१ मध्ये पंचा स्वीकारलेले गांधीजी येथून जवळच्या सेवाग्रामला राहिले. पण बॅरिस्टर झालेल्या आणि जगाला ठाऊक असलेल्या माणसाने पंचा नेसणे आणि ज्याच्या पूर्वजांना चांगले वस्त्र नेसू दिले जात नव्हते त्याने सूट घालणे, या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. आमच्या कंपन्यांतली टी-शर्टची मोकळीकसुद्धा ज्यांच्या लायकीवर आधीच विश्वास ठेवला जातो त्यांच्याच सोयीची आहे. वर्गाने हे मुलांशी उघडपणे बोलायला हवे होते. तो मुलगा स्वतःच्या अनुभवातून जे शिकला, ते भिंतीवरच्या चित्रात कोठेही नाही.

शिवाय चेहरा दिसण्याच्याही आधी नाव दिसते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षण सारखेच असलेले अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते, आणि दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी असल्याचे आढळले. त्या अर्जांना ना टाय होता ना बूट. अशा वेळी ‘तुमचे व्यक्तिमत्त्व तुमच्या हातात आहे’ हे वर्गाचे घोषवाक्य उमेदवाराच्या डोक्यावर जरा जास्तच ओझे टाकते.

आक्षेपार्ह भाग मुलींच्या तासिकेत घडला. मेकअप शिकवायला बाहेरून बोलावलेल्या बाईंनी वर्गातल्या सर्वांत सावळ्या मुलीला पुढे बसवले आणि तिच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन तिच्या गालांवर थापले. मानेपाशी रंगाची स्पष्ट रेघ दिसत होती. “आता बघा कशी फ्रेश वाटते,” असे म्हणून त्यांनी टाळ्या मागितल्या, आणि मुलींनी त्या दिल्याही. ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ हा शब्द कंपनीला २०२० मध्ये काढावा लागला. नागपूरच्या या खोलीत मात्र तो अजून मुक्कामाला आहे. मी नंतर संचालकांना भेटून सांगितले. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले, पण ‘मॅडम, मार्केटची डिमांड असते’ यापलीकडे ते गेले नाहीत. नेमणूक करणारी व्यक्ती समोर बसून अशी मागणी नाही म्हणत असताना ही मागणी नेमकी कोणाची, हे मला अजून कळलेले नाही.

त्याच तासिकेत ‘लग्न कधी करणार’ या प्रश्नाला हसून काय उत्तर द्यावे, हेही पाठ करून घेतले. परराष्ट्र सेवेत स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी असा नियम एके काळी होता आणि त्याच सेवेतील अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले होते. त्यानंतर इतकी वर्षे लोटूनही हा प्रश्न विचारला जातो, ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे तयारी करून घेण्याला माझा विरोध नाही. पण ‘हा प्रश्न गैर आहे आणि तो टाळण्याचा तुम्हाला अधिकार आहे’ हे एक वाक्य जोडायला किती वेळ लागला असता?

शेवटी ऑनलाइन मुलाखतीची तासिका, जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त उत्सुकता होती. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवा, खिडकीकडे तोंड करून बसा, हेडफोनची आधी चाचणी घ्या, हे सगळे उपयोगाचे होते आणि नीट करून दाखवले. मात्र मागची भिंत कशी असावी यावर फार वेळ गेला: पुस्तकांचे कपाट असावे, निदान एखादी कुंडी असावी, दोरीवरचे कपडे किंवा भांड्यांची मांडणी दिसता कामा नये. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलाने पुस्तकांचे कपाट कोठून आणायचे? पूर्वी आम्हाला उमेदवाराचा फक्त शर्ट दिसत असे, आता त्याचे घर दिसते, आणि घर पाहून माणूस तोलण्याचा मोह शर्टापेक्षा कितीतरी मोठा आहे. आमच्या मंडळात यावर वाद झाला होता आणि तेव्हापासून आम्ही सर्वच उमेदवारांना पार्श्वभूमी धूसर करायला सांगतो, स्वतःचीही करतो. वर्गात ही सोय कोणीच दाखवली नाही. मी भाचीमार्फत विचारले तेव्हा प्रशिक्षकांनी ती लगेच शिकवली आणि मुलांनी लिहूनही घेतली, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

तेव्हा जायचे असेल तर सराव-मुलाखतीसाठी जरूर जावे. केवळ सराव-मुलाखती अठराशे रुपयांत मिळतात. माहितीपत्रकात हे छापलेले नाही, काउंटरवर विचारावे लागते आणि थोडा आग्रह धरावा लागतो. बँकेतले ते सर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर असतात, तीच वेळ मागून घ्यावी.