प्रोबायोटिक की बोरिक ॲसिड?

मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा ७ दिवसांचा कोर्स संपतो, माशासारखा वास जातो आणि काही महिन्यांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचं बिघडलेलं संतुलन, पुन्हा हजर! मग जोडीला काय घ्यावं?

प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जंतू. त्यांचा धोका कमी, पण दुकानातल्या गोळ्यांचा पुरावा तोकडाच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत मेट्रोनिडाझोल जेलनंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा उपयोगी जंतू योनीत सोडला. १२ आठवड्यांत ३० टक्के जणींचा त्रास उलटला, नकली औषधावर ४५ टक्के. दह्यातले जंतू वेगळे. दही ताटातच बरं.

बोरिक ॲसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल योनीत ठेवायची. गिळली तर विषबाधा, गरोदरपणात वर्ज्य. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर घरी वापरून बघणं तर नकोच.

पहिल्याच खेपेला मी दोन्ही टाळेन. सारखं उलटत असेल, तर बोरिकचं डॉक्टरांना विचारावं.