विस्मृत स्थळांचा शोध: जुना नकाशा, उपग्रहचित्र की लायडार?

उजाड गाव, ढासळलेली गढी किंवा मोडलेली वाट शोधायची असेल, तर पहिला हात जुन्या स्थलदर्शक नकाशाला घालावा, असं माझं ठाम मत आहे. उपग्रहचित्रात आकार दिसतो, नाव दिसत नाही. सर्वेक्षक मात्र पायी फिरला, स्थानिकांना विचारून नावं लिहिली, पडकी तटबंदी, विहिरी, थडगी यांना वेगळ्या खुणा दिल्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंचाला एक मैल (१:६३,३६०) नकाशांवर, समोच्च रेषांच्या (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) अंतरात हरवलं असतं असं बुटकं टेकाडही सापडतं, कारण त्याची सापेक्ष उंची (भोवतालच्या जमिनीपासूनची) 'आर' अक्षर जोडून लिहिलेली असते. हरयाणा-पंजाबच्या मैदानात संशोधकांनी याच नकाशांवरून प्राचीन वस्त्यांच्या टेकाडांचा माग काढला. पुढे नांगराखाली सपाट झालेलं टेकाडही कागदावर टिकून राहतं!

पण हे नकाशे बनले ते मुख्यतः लष्कर आणि प्रशासनासाठी. जमिनीखालचे पाये त्यांत येणार नाहीत. शिवाय जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिमानावर बेतलेले, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या प्रतिमानावर. रूपांतर न करता अक्षांश-रेखांश उचलले, तर सहज शंभरेक मीटरची चूक पडते. आजच्या नकाशाशी जुळणी करताना खुणेसाठी त्रिकोणमितीय स्तंभ (सर्वेक्षणासाठी उभारलेले खांब), रेल्वेपूल, देवळं धरावीत. नदीचा संगम धरू नये, पात्र सरकतं.

कोरोना या अमेरिकी हेरउपग्रहांची १९६० ते १९७२ मधली चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. नांगरट आणि धरणं वाढण्याआधीची जमीन त्यांत दिसते, आणि सर्वेक्षकाच्या नजरेतून सुटलेलंही. उत्तर सीरियातल्या कांस्ययुगीन खोलगट वाटा अशाच चित्रांवर रेखता आल्या. मात्र कडेला चित्र ताणलेलं असतं, ते सरळ करायला चिकाटी लागते.

दाट जंगलात दोन्ही साधनं थिटी पडतात. तिथे लायडारच (विमानातून लेसर किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजणारं तंत्र) हवं; कंबोडियातल्या अंगकोर परिसरात २०१२ च्या हवाई लायडारने झाडीखालची नगररचना उघड केली. पण तयार विदा (डेटा) उपलब्ध नसेल, तर एकट्यादुकट्याला ते झेपत नाही.

म्हणून शेतीच्या सपाट मुलखात नकाशा आणि कोरोना जोडीने घ्या, उघड्या डोंगरात नकाशापासून सुरुवात करा, जंगलात आधी लायडारची चौकशी करा. आणि नकाशाची एकच आवृत्ती घेऊन बसू नका. आधीच्या आवृत्तीत नाव आहे, नंतरच्या आवृत्तीत ते गळलंय, अशा जागा पहिल्यांदा पायाखाली घाला.