पुस्तिकेत पैकीच्या पैकी, कोऱ्या कागदावर ९९

माझ्याकडे संध्याकाळी चौथी-पाचवीची सहा मुलं गणिताला येतात. दोन अंकी गुणाकार चौकट पद्धतीने (एका संख्येचे दशक-एकक चौकटीच्या डोक्यावर, दुसरीचे बाजूला, मग चार घरांतल्या गुणाकारांची बेरीज) पक्का व्हावा म्हणून जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून ही सराव पुस्तिका आणली. ६४ पानं, १४० रुपये. सहा प्रती घेतल्या म्हणून दुकानदाराने दहा टक्के सोडले. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच साच्यातल्या आणखी दोन पुस्तिका चाळल्या आणि तऱ्हा तीच निघाली.

कागद जाड आहे, चार वेळा खोडलं तरी फाटत नाही. चौकटी ऐसपैस आहेत, कार्टूनची गर्दी नाही. मुखपृष्ठावर मात्र ‘आधुनिक परदेशी पद्धत’ असं मिरवलंय. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त १३५ गुणिले १२ करताना बाराचे ८ आणि ४ असे तुकडे पाडून दाखवलेत, तेही ११५० मध्ये. असो.

पहिले तीन आठवडे सगळ्यांची सगळी उदाहरणं बरोबर आली. मी खूश. मग एका शनिवारी कोरे कागद वाटले आणि फळ्यावर ४७ × ३६ लिहिलं. एकीचं उत्तर आलं ९९.

“अगं, सत्तेचाळीस दोनदा घेतले तरी चौऱ्याण्णव होतात!”

“पण काकू, चार त्रिक बारा, चार सक चोवीस, सात त्रिक एकवीस, सात सक बेचाळीस. बेरीज करून बघा.”

केली. बेरीज अगदी बरोबर होती. चूक चौकटीच्या डोक्यावर होती : ४० च्या जागी ४, आणि बाजूला ३० च्या जागी ३.

तेव्हा पुस्तिका पुन्हा उघडली आणि लक्षात आलं की पहिल्या चाळीस पानांवर फोड छापूनच दिलेली आहे. ४० आणि ७, ३० आणि ६, सगळं आयतं. मुलं नेमकी जिथे चुकतात ते काम पुस्तिकेने स्वतःच उरकून टाकलंय. मुलांच्या वाट्याला उरतात फक्त पाढे, आणि पाढे त्यांना आधीच येत होते.

शून्यांचंही तसंच. दशकांच्या चौकटीत दोन शून्यं फिकट छापलेली आहेत, मुलाने पुढे बारा लिहायचं की झाले १२००. कोऱ्या कागदावर एकाने ४० × ३० चे १२० केले आणि उत्तर ६१२ आणलं. त्याहून फसवं उदाहरण ४० × ५०. चार पंचे वीस, विसात एक शून्य आहेच, म्हणून मुलं आणखी एकच देतात आणि २०० वर थांबतात. वीस हा गुणाकार झाला, दोन्ही दशकांची शून्यं अजून द्यायचीत, हे सांगणारं एक तरी पान हवं होतं. नाही. तिसऱ्याने दोनच चौकटी भरल्या, ४० × ३० आणि ७ × ६, म्हणजे १२४२. तिरप्या दोन चौकटींतले २४० आणि २१० गेले कुठे, हे त्याला विचारलं तर म्हणाला, “त्या छापलेल्याच नव्हत्या.” कागद कोरा होता, त्याचंही बरोबरच.

एक चूक खास आपली मराठी. तोंडी ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की सात आधी ऐकू येतो, मग फोड होते ७० आणि ४. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा मी नाकं मुरडणाऱ्यांत पुढे होते. आता फोडीपुरतं मीच ‘चाळीस सात’ म्हणवून घेते. बाकी वेळी सत्तेचाळीसच.

बेरजेसाठी पुस्तिकेत नुसती एक लांब रेघ आहे. १२००, २४०, २१०, ४२ हे आकडे मुलं आडवे लिहितात, नाहीतर डावीकडून एकाखाली एक लावतात. एकक-दशक-शतकाचे रकाने आखायला किती शाई लागली असती? शिवाय उत्तरसूचीत ५८ × ३४ चं उत्तर १७९२ छापलंय. खरं १९७२. माझ्या एका विद्यार्थ्याने आपलं बरोबर उत्तर खोडून छापलेलं लिहिलं, याचा मला अजून राग आहे.

पाचपैकी अडीच तारे. घेतलीत तर ४१ व्या पानापासून सुरू करा, तिथून चौकटी कोऱ्या आहेत. किंवा सरळ चौकटीची वही घ्या आणि मुलालाच आखू द्या. आम्ही आता तेच करतो, फक्त समासात आधी अंदाज लिहायचा. ४७ × ३६ म्हणजे जवळपास ५० × ४०, साधारण दोन हजार. ९९ वाल्या मुलीने परवा समासात २००० लिहिलं, खाली उत्तर आलं १६९२, आणि मला विचारलं, “काकू, एवढा फरक चालतो ना?”