बॅगेत पडून राहिलेला टॅब संध्याकाळी गरम का लागतो?

परवा दुपारी चार वाजता टॅब बॅगेतून काढला तर बंद. सकाळी साडेसातला शंभर टक्के चार्ज करून निघाले होते आणि वाटेत एकदाही उघडला नव्हता. समोर लेखक बसलेले, त्यांच्या पुस्तकाच्या सगळ्या दुरुस्त्या टॅबवर, आणि टॅब काळा ठिक्कर. शेवटी त्यांच्याकडूनच चार्जर मागून घ्यावा लागला. मुद्रितशोधनाचे पैसे ज्यांच्याकडून घ्यायचे, त्यांचीच वीज वापरायची, याची लाज अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले.

टॅब ११ इंची, अँड्रॉइड, मधल्या गटातला, सोबत स्टायलस. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. स्क्रीन किती चांगली, प्रोसेसर कोणता, हे टॅब घेणाऱ्या प्रत्येकाने आधीच पाठ केलेलं असतं, तेही लिहीत नाही. सात महिन्यांनंतर माझी तक्रार एकच आहे: हा टॅब काहीही न करता वीज खातो.

वापरताना खातो त्याबद्दल काही म्हणणं नाही. नऊ-दहा तास पीडीएफवर खुणा करता येतात. माझं भांडण तो नुसता पडून असतो त्या वेळेशी आहे. रोज आठेक तास बॅगेत राहिला की तीस टक्के गायब, आणि हाताला कोमट. परवा तर सगळीच गेली.

२०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा दहा तासांच्या वापराबरोबर एक महिन्याहून जास्त स्टँडबायचा, म्हणजे न वापरता चार्ज टिकण्याचा, दावा केला होता. लोकांनी दहा तास लक्षात ठेवले, महिना विसरले. मला मात्र आता तो महिनाच महत्त्वाचा वाटतो. त्या आयपॅडची बॅटरी २५ वॉट-अवरची, म्हणजे एक वॉटच्या दराने २५ तास पुरेल एवढी. ती ७२० तास पुरवायची तर झोपेत सरासरी ०.०३५ वॉटपेक्षा जास्त खाऊन चालणार नाही. माझी ८००० एमएएच, म्हणजे साधारण ३० वॉट-अवर. त्यातले नऊ आठ तासांत गेले, तर वॉटभराहून जास्त झाले. त्या जुन्या हिशेबाच्या तीसपट! मी वाचत असते तेव्हा टॅब तासाला तीन वॉट-अवर घेतो. म्हणजे माझ्या बॅगेत बसून कोणीतरी रोज तीन तास वाचतंय.

टॅबच्या बातम्या वाचल्या की आता चिडच येते. २०२४ मध्ये १३ इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा झाला म्हणून केवढं कौतुक! जाड आहे म्हणून कोणी टॅब परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्याच वर्षी आयपॅडला कॅल्क्युलेटर मिळाला, चौदा वर्षांनी, आणि त्याचीही बातमी झाली. पहिल्या दिवशीच्या परीक्षणांत बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्या, असतात, पेन्सिलने काढलेलं एक झाड असतं, सलग व्हिडिओ चालवून मोजलेले तास असतात. टॅब तीन दिवस कपाटात टाकून चौथ्या दिवशी किती टक्के उरले, हे कोण बघतं? फोन हातात असतो, लॅपटॉप टेबलावर असतो. टॅब मात्र दिवसातला बहुतेक वेळ कुठेतरी पडलेला असतो. त्याची परीक्षा तिथेच घ्यायला हवी.

काहींना हे कळलं होतं. एचपीचा टचपॅड नावाचा टॅब २०११ मध्ये आला आणि ४९ दिवसांत गुंडाळला गेला, पण त्याच्यासाठी वायरलेस चार्जिंगचा स्टँड मिळायचा. ठेवला की चार्ज. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल टॅबलेटच्या खोक्यातच चार्ज करणारा स्पीकर दिला. पण दोन्ही उपाय घरात बसणाऱ्या टॅबचे. बॅगेतल्या टॅबचं काय? विंडोजवाल्यांकडे तर बघायलाच नको. झोपेतही नेटला जोडलेलं राहायचं हा प्रकार त्यांनी विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आणला, आणि बॅगेत तापलेल्या मशीनच्या तक्रारी अजून चालू आहेत.

माझा संशय अँड्रॉइडवरच होता. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ आलं: यंत्र स्थिर पडलेलं असेल, तर अ‍ॅपना झोपवायचं. स्थिर असेल तरच! हालत्या बॅगेत ते लागूच होत नव्हतं. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने चालता-फिरताही थोडी सौम्य डोझ आणली. माझा टॅब त्याच्या कितीतरी नंतरचा, तरी माझ्या मनाने घेतलं की कंपनीने इथेच काहीतरी बिघडवलंय. कारण घरी टेबलावर ठेवला की रात्रभरात एक टक्काही उतरत नाही, बॅगेत ठेवला की उतरते. हालचालीशी संबंध आहे हे मला कळलं होतं. फक्त कोणत्या हालचालीशी, ते चुकलं.

मग सर्व्हिस सेंटर. पहिल्या फेरीत ‘अपडेट करा, फॅक्टरी रिसेट करा’. केलं, सगळ्या खुणांचा बॅकअप घेण्यात एक रविवार घालवून. फरक शून्य. दुसऱ्या फेरीत टॅब ठेवून घेतला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, कव्हर, सिम, स्टायलस काढून द्या, त्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही.’ दिले काढून. दोन दिवसांनी फोन: दोन दिवसांत दोन टक्के उतरली, बॅटरी उत्तम. जॉबशीटवर ‘नो फॉल्ट फाउंड’. मी म्हटलं, तुम्ही तो टेबलावर ठेवलात, बॅगेत ठेवून बघा. तो म्हणाला, बॅगेत ठेवायची टेस्ट नाही आमच्याकडे. मी म्हटलं, मग माझी बॅग ठेवून घ्या! तेव्हा आतून त्याचे साहेब आले. बॅटरी बदलून हवी असेल तर बदलू, पण दोष आढळला नसल्यामुळे वॉरंटीत बसणार नाही, खर्च तुमचा. मी आवाज चढवला. पाठीमागे रांगेत उभ्या असलेल्या बाई मान हलवत होत्या, माझ्या बाजूने की माझ्यावर ते कळलं नाही.

तर सात महिन्यांचं माझं मत: हा टॅब घेऊ नका.

यापुढचं दोन महिन्यांनी लिहितेय. वरचं खोडत नाही, कारण तेव्हा मला तसंच वाटत होतं, आणि खोडलं तर माझी फजिती कोणाला कळणार?

मधल्या काळात एक नवीन प्रकार सुरू झाला होता. संध्याकाळी टॅब उघडला की ‘चुकीचा पिन, ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा’. माझा भाचा तेव्हा आमच्याकडे राहायला होता, वय अकरा, टॅबवर डोळा. मी त्याला बसवून विचारलं. तो म्हणाला, ‘मावशी, मी हात नाही लावला.’ मी विश्वास ठेवला नाही. पिन बदलला. तरी दुसऱ्या दिवशी तेच, वर ब्राइटनेस पूर्ण चढवलेला. आता टॅब तर दिवसभर माझ्याबरोबर होता आणि भाचा शाळेत. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

कळलं ते बसमध्ये. दिवे गेले होते, बाहेर अंधार, बॅग मांडीवर. चेन अर्धवट उघडी होती आणि आतून उजेड येत होता. बसने धक्का खाल्ला की उजेड, जरा विझायला आला की पुढचा धक्का, पुन्हा उजेड. वाकून बघितलं. माझ्या टॅबची स्क्रीन लागलेली आणि कव्हरची झडप तिच्यावर टपटप आपटत, पिनचे आकडे दाबत होती.

माझं कव्हर कुठलं, याबद्दल वर मी एक शब्दही लिहिलेला नाही, बघा. कंपनीचं कव्हर टॅबच्या किमतीच्या मानाने मला अंगावर आलं होतं, म्हणून त्याच्या चौथ्या हिश्शात मिळणारं दुसरं घेतलं. दिसायला अगदी तसंच. फारच शहाणपणाने खरेदी केली अशा थाटात मी ते दोघा-तिघांना सुचवलंही होतं.

अशा कव्हरचं तंत्र फार साधं आहे. झडपेत एक छोटं लोहचुंबक असतं आणि टॅबच्या कडेला, काचेखाली, चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. चुंबक जवळ आलं की टॅब समजतो झाकण लागलं: स्क्रीन बंद, आणि माझ्या टॅबवर काचेचा स्पर्शही बंद. २०११ च्या आयपॅड २ बरोबर अ‍ॅपलने हा प्रकार लोकप्रिय केला, मग सगळ्यांनी उचलला. माझ्या स्वस्त कव्हरचं चुंबक जागेपासून बोटभर खाली बसवलेलं निघालं. सेन्सरला ते दिसतच नव्हतं. म्हणजे टॅबच्या लेखी झाकण नऊ महिने उघडंच! त्यात मी ‘दोनदा टॅप केल्यावर स्क्रीन लागू दे’ ही सोय चालू ठेवलेली. झडप दोनदा आपटली की स्क्रीन लागणार, आपटत राहिली की लागलेलीच राहणार. मी झडप लावायच्या आधी सवयीने पॉवरचं बटण दाबते, त्यामुळे कव्हर स्वतःहून स्क्रीन बंद करत नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

बॅगेत रोज तीन तास वाचणारा हाच. बॅटरीच्या पानावर ‘स्क्रीन चालू’ वेळ माझ्या अंदाजापेक्षा जास्त दिसायचाही. मी तो आकडा पाहून संध्याकाळच्या सिनेमांवर ढकलत आले.

आणि सर्व्हिस सेंटरला दोष का सापडला नाही? कारण दोष त्यांनी काउंटरवर काढून माझ्याच हातात दिला होता.

दोन टॅपची सोय बंद केली. दुसऱ्या दिवशी बॅगेत आठ तासांत एक टक्का. मग चुंबक शोधायला लागले. इअरफोनच्या एका रिकाम्या खोक्याच्या झाकणात चपटं चुंबक होतं, ते कापून काढलं आणि टॅबच्या कडेने हळूहळू सरकवत नेलं. वरच्या कोपऱ्यापासून चार बोटांवर स्क्रीन फट्‌कन विझली. तिथे खूण केली आणि कव्हरला आतून तेवढ्याच जागी चुंबक टेपने चिकटवलं. चालतंय. नवं कव्हर घेतलं नाही, घेणारही नाही.

आता लगेच कंपनीला निर्दोष म्हणणार नाही. झाकणाचा सेन्सर चालतो का, हे बघायची सोय सेटिंगमध्ये कुठेच नाही. स्क्रीन कशामुळे लागली, बटणाने, टॅपने की झाकणाने, हे टॅबला आतून माहीत असतं, मग मला एका ओळीत सांगायला काय जातं? तीस सेकंदांची शिक्षा सुनावतो, पण दिवसभरात चाळीस वेळा चुकीचा पिन पडतोय तर काहीतरी विचित्र आहे, असं त्याच्या मनात येत नाही. चुंबकाचा घोळ मोठ्यांनीही घातलाय. २०११ मध्ये आयओएस ५ वर आयपॅड २ चं पॉवर बटण दाबून धरायचं, कव्हर लावून उघडायचं, रद्द करायचं, की पिन न टाकताच शेवटी उघडं असलेलं अ‍ॅप समोर यायचं. महिनाभरात ५.०.१ या अपडेटने ते दुरुस्त झालं. तिथे झाकण फार ऐकलं जायचं, माझ्याकडे ऐकूच येत नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. स्टायलसचं टोक सहा महिन्यांत झिजलं, जोडीला दिलेलं बदली टोक वापरतेय. स्पीकर चांगले. दोन पानं शेजारी ठेवून काम करताना टॅब कधीमधी अडखळतो, पण मूळ प्रत आणि प्रूफ एकत्र दिसणं ही इतकी मोठी सोय आहे की त्याचं काही वाटत नाही. ‘घेऊ नका’ हे मत मागे. घ्या, आणि घरी आणल्या आणल्या झाकण लावून स्क्रीन खरंच विझते का, ते फटीतून बघा.

सर्व्हिस सेंटरचा अभिप्रायासाठी मेसेज आला होता. पाचपैकी तीन दिले. चार द्यायला हवे होते, पण बॅगेची टेस्ट नाही म्हणाले ते अजून डोक्यात आहे. भाच्याला मात्र सगळं सांगितलं आणि माफीही मागितली. तो म्हणाला, ‘मग आता पिन सांग.’ सांगितला. त्याला तो आधीच माहीत होता.