थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स सेवा: काय द्यावं, काय हातात ठेवावं

थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स, रोजच्या बोलण्यातलं थ्रीपीएल, विकायला येणारे लोक नेहमी अख्खं पॅकेज पुढे करतात: माल उतरवून घेणं, साठवण, पिकिंग (ऑर्डरीप्रमाणे रॅकवरून माल काढणं), पॅकिंग, डिस्पॅच, वाहतूक, रिटर्न, सगळं एका बिलात. सेवा म्हणून ती वाईट नाही, पण तिचे सगळे तुकडे सारख्या दर्जाचे नसतात. आमचा निवाडा आधीच सांगतो. साठवण आणि पॅकिंग खुशाल द्यावं. वाहतूक त्यांच्याकडून हाताळून घ्यावी, पण ट्रान्सपोर्टरशी करार स्वतःच्या नावावर ठेवावा. रिटर्नची तपासणी शक्यतो देऊ नये. आणि आयटम मास्टर, म्हणजे प्रत्येक मालाची मापं, वजन, बारकोड यांची मूळ यादी, तसंच कुठल्या मालाचा किती साठा ठेवायचा हा निर्णय, कोणाच्याही हाती सोपवू नये.

साठवण-पिकिंग हा या सेवेचा सगळ्यात दमदार भाग. ऑर्डरी हंगामाप्रमाणे दुपटी-तिपटीने वरखाली होत असतील तर सामायिक गोदामाला तोड नाही. गर्दीत जास्त माणसं मिळतात आणि मंदीत रिकाम्या रॅकचं भाडं डोक्यावर बसत नाही. वर्षभर काम एकसारखं असेल आणि स्वतःचं गोदाम नीट भरलेलं असेल, तर मात्र बाहेरचा माणूस त्याच कामावर आपला नफा चढवणार, मग बचत यायची कुठून? शिवाय जुन्या जागेचा भाडेकरार दोन वर्षं शिल्लक असेल तर माल हलवल्यावरही ते भाडं भरावंच लागतं. सादरीकरणातल्या बचतीच्या तक्त्यात ही रक्कम सहसा दिसत नाही.

दरपत्रकात ‘प्रति ऑर्डर’ दर ठळक असतो. खरं बिल त्याच्या आजूबाजूच्या ओळींतून वाढतं: अनलोडिंग, माल रॅकवर लावणं, पहिल्या लाईननंतरची प्रत्येक जादा लाईन (लाईन म्हणजे ऑर्डरीतला एक वेगळा माल), खोके आणि टेप, लेबल, स्टॉक मोजणी, किमान मासिक बिल. साठवणीचा दर पॅलेटच्या, म्हणजे खोकी रचायच्या चौकटीच्या, जागेवर असेल तर चार खोकी उरलेल्या पॅलेटचंही पूर्ण भाडं लागतं, त्यामुळे एसकेयू, म्हणजे मालाचे वेगवेगळे प्रकार, पुष्कळ आणि प्रत्येकाचा साठा थोडा अशा कंपनीला हा दर बोचतो. तिने बिन (रॅकवरचा छोटा कप्पा) किंवा घनमीटरवर दर मागावा. दोन दरपत्रकं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. मागच्या तीन महिन्यांची खरी ऑर्डर फाईल प्रत्येक इच्छुकाला द्या, त्याच्या दरांनी पूर्ण बिल काढून मागा आणि एकूण रकमेला ऑर्डरींनी भागा. एक महिना गर्दीचा घ्या, नाहीतर किमान बिलाचा आणि ओव्हरटाइमचा परिणाम लपतो.

आता अचूकता. ‘९९.५ टक्के पिकिंग अचूकता’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रस्तावात असतं. ती लाईनवर मोजली आहे की ऑर्डरवर, हे विचारा. एका ऑर्डरीत सरासरी ४ लाईनी असतील तर लाईनची ९९.५ टक्के अचूकता ऑर्डरीवर सुमारे ९८ टक्के भरते. दहा हजार ऑर्डरींत ५० चुका होतील असं वाटत असतं, तिथे २०० च्या आसपास होतात. कटऑफचंही तसंच. ‘दुपारी २ पर्यंत आलेली ऑर्डर त्याच दिवशी’ असं लिहिलेलं असतं, पण ऑर्डरीची फाईल तासातून एकदाच जात असेल तर १ वाजून १० मिनिटांनी आलेली ऑर्डर त्यांच्या सिस्टिममध्ये दोननंतर उमटू शकते आणि दुसऱ्या दिवसात मोजली जाते. अहवालात सगळं हिरवं, आणि ग्राहक फोनवर चिडलेला. घड्याळ तुमच्या सिस्टिममधल्या वेळेपासून सुरू होईल असं करारात लिहून घ्या, किंवा दर पाच-दहा मिनिटांनी ऑर्डर जाईल अशी जोडणी करा.

तुटीची माफी, म्हणजे गोदामात कमी भरलेल्या मालापैकी कितीची भरपाई थ्रीपीएल देणार नाही, ही सगळ्यात कमी वाचली जाणारी ओळ. ०.२ टक्के तूट माफ, असं लिहिलं असेल तर ती कशावर? साठा वर्षातून १२ वेळा फिरत असेल आणि माफी वर्षभर बाहेर गेलेल्या मालाच्या किमतीवर असेल, तर सरासरी साठ्याच्या २.४ टक्के माल हिशेबाविना गायब होऊ शकतो. माफी सरासरी साठ्यावर मागा. शिवाय एका एसकेयूची वाढ दुसऱ्याच्या तुटीतून वजा करू द्यायची की नाही, तेही ठरवून घ्या.

वाहतुकीत भरपाई बहुतेकदा वजनावर ठरते, किमतीवर नाही. सीएमआर करार लागू होणाऱ्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीत मर्यादा किलोमागे ८.३३ एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी एककात. मॉन्ट्रियल कराराखालच्या हवाई मालाला डिसेंबर २०२४ पासून ती २६ एसडीआर आहे. २०० ग्रॅमचा महागडा फोन ट्रकमधून हरवला तर हाती दोन एसडीआरसुद्धा येत नाहीत. हलका आणि किमती माल असेल तर स्वतःची विमा पॉलिसी हवीच. थ्रीपीएलची पॉलिसी त्याच्या जबाबदारीपुरती असते.

ट्रान्सपोर्टरचा करार स्वतःच्या नावावर ठेवण्याची कारणं दोन. पहिलं, थ्रीपीएल भाड्यावर किती चढवतो ते एरवी दिसत नाही. दुसरं, गोदाम बदलायची वेळ आली तर दर तुमच्यासोबत येतात. अगदी लहान कंपनीला मात्र त्यांच्या एकत्रित व्हॉल्यूमचा दर खरंच स्वस्त पडतो. तिने तो घ्यावा, पण मूळ बिल बघण्याचा हक्क लिहून घ्यावा. कुरिअरच्या बिलात घनफळी वजन, म्हणजे खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन, तपासत राहा. ६० × ४० × ४० सेंमीचं खोकं ५००० ने भागलं की १९.२ किलो धरलं जातं, आत माल सहाच किलो का असेना. तेच खोकं ५ सेंमीने बुटकं केलं तर १६.८. पॅकरच्या हाताला येईल ते खोकं वापरलं जातं, म्हणून कुठल्या मालाला कुठलं खोकं हा तक्ता तुम्ही बनवून द्यायचा.

रिटर्नमध्ये ही सेवा सर्वांत कच्ची. परत आलेली वस्तू पुन्हा विकण्याजोगी आहे की नाही हे ठरवायला वस्तूची जाण लागते, आणि तिथला माणूस तासाला किती नग झाले यावर मोजला जातो. संशय आला की तो ‘खराब’चा शिक्का मारतो किंवा सगळंच रॅकवर परत ठेवतो. द्यायचंच झालं तर फोटोसकट चार-पाच प्रश्नांची यादी द्या, आणि उत्तर नक्की नसेल तो माल वेगळ्या बिनमध्ये जाऊ द्या.

सुरुवात करतानाची बहुतेक पडझड आयटम मास्टरमुळे होते. नग आणि खोकं यांचा घोळ ठरलेला: ऑर्डर १ नगाची, बारकोड १२ च्या खोक्याचा, ग्राहकाला डझन. हलवण्याआधी प्रत्येक एसकेयूची मापं, वजन, बारकोड आणि खोक्यातले नग प्रत्यक्ष मोजून घ्या. ताबा देताना दोन्ही बाजूंनी मिळून मोजणी आणि सह्या, नाहीतर पहिल्या तुटीला वाली उरत नाही. माल टप्प्याटप्प्याने हलवा, पण पहिला गट असा निवडा जो इतर मालासोबत क्वचितच विकला जातो. एका ऑर्डरीतला अर्धा माल जुन्या गोदामात आणि अर्धा नव्यात राहिला तर पार्सलं दोन आणि भाडंही दोनदा. गर्दीच्या हंगामाच्या तोंडावर तर हे काम हाती घेऊच नका.

अनेक थ्रीपीएलवर देखरेख करणाऱ्या फोरपीएलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तीन-चार गोदामं आणि अनेक देश असतील तर विचार करा. एका गोदामासाठी तो फक्त आणखी एक दलाल.

सही करण्याआधी बाहेर पडण्याचं कलम वाचा. बऱ्याच करारांत, आणि अनेक ठिकाणी कायद्यानेही, थकबाकीसाठी माल अडवून ठेवायचा हक्क गोदामवाल्याला असतो. बिलाच्या एका ओळीवर वाद झाला म्हणून सगळा साठा अडकू नये यासाठी वाद नसलेली रक्कम वेळेवर भरायची आणि अडवणूक वादातल्या रकमेइतक्याच मालापुरती, असं कलम घाला. माल बाहेर काढण्याचा प्रति पॅलेट दर आणि साठ्याची बॅचनिहाय फाईल किती दिवसांत मिळेल, हेही तिथेच लिहून घ्या. नोटीस दिल्यावर हे दर विचारले तर हवे तसे सांगितले जातात.