रीस्टार्टनंतरही टिकणारा डिस्क कोटा: आठ महिन्यांचा अनुभव

फोंड्याला आमच्या छापखान्यात डेबियन या लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. जत्रेचे फलक, नाटकांची पोस्टरं, लग्नपत्रिका, सगळ्या फाइली त्याच्यावर. पाच डिझायनर आणि चार टीबीची एक डिस्क. एकाने भरली की बाकीच्यांचे हात बांधले जातात, म्हणून प्रत्येकाला कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लावला होता: ५०० जीबी सॉफ्ट, ६०० हार्ड. सॉफ्ट ओलांडली की सात दिवसांची मुदत, हार्डच्या पुढे एक बाइटही नाही.

जूनच्या पावसात एका रात्री वीज गेली, यूपीएसही संपला. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप उठला, कोटा मात्र उठला नाही. कुठे एरर नाही, काही नाही. चवथीच्या आदल्या आठवड्यात डिस्क १०० टक्के! एकाच फोल्डरात बॅनरांच्या जुन्या आवृत्त्या, दीड टीबी. त्या मुलाला मी काही बोललो नाही. त्याला अडवणं सर्व्हरचं काम होतं, आणि सर्व्हर माझ्याकडे. एका मंडळाचे फलक दोन दिवस उशिरा गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

कारण साधं निघालं. कोटा लावताना मी पार्टिशन (डिस्कचा भाग) हाताने रिमाउंट करून, म्हणजे पुन्हा जोडून, 'यूएसआरकोटा' हा पर्याय दिला आणि कोटा चालू करणारी 'कोटाऑन' ही आज्ञा चालवली. बूटच्या वेळी डिस्क कशी जोडायची ते ज्यात लिहिलेलं असतं त्या एफस्टॅब फाइलीत मात्र नुसतं 'डिफॉल्ट्स'च राहिलं. तिथे 'यूएसआरकोटा' लिहिलेला असला की बूटच्या वेळी सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) स्वतःच कोटाऑन चालवतं. म्हणून तो तिथे लिहिला.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण जुन्या पद्धतीत वापराचे आकडे 'एकोटा डॉट यूजर' या वेगळ्या फाइलीत असतात. वीज अचानक गेली की ते आकडे आणि खरा वापर जुळेनात, मग सगळं पुन्हा मोजणारं कोटाचेक चालवून बसा. आमच्याकडे तर पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून एका रविवारी पार्टिशन अनमाउंट करून ट्यून-टू-एफएस या आज्ञेने आमच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टमचं (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) 'कोटा' फीचर चालू केलं. आता हिशेब फाइलसिस्टमच्याच पोटात, जर्नलच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) आधाराने राहतो आणि माउंट होताच मोजणी सुरू होते. एक लक्षात ठेवा: फीचर नुसतं मोजतं. मर्यादा लागू व्हायला एफस्टॅबमधला 'यूएसआरकोटा' तरीही लागतो.

एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टम वापरणाऱ्यांनी रिमाउंटच्या भरवशावर राहू नये, तिथे कोटा पहिल्या माउंटलाच द्यावा लागतो. रूट (मुख्य) पार्टिशन असेल तर बूटच्या वेळी कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत 'रूटफ्लॅग्ज' म्हणून. फ्रीबीएसडी या वेगळ्या सिस्टमवर आरसी-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत 'कोटा-एनेबल' यस करावं लागतं.

बदल केल्यावर मी मुद्दाम सर्व्हर रीस्टार्ट केला. 'कोटाऑन -पी'ने 'ऑन' दाखवलं, तरी चाचणीचं एक खातं काढून त्याला एक जीबीची मर्यादा दिली आणि दोन जीबीची फाइल लिहायला घेतली. मध्येच 'डिस्क कोटा एक्सीडेड' आलं, तेव्हा जिवात जीव आला. चवथीपासून आठ महिन्यांत वीज कितीदा गेली ते मोजलं नाही, पण सर्व्हर उठल्यावर दर वेळी ही चाचणी केली आणि दर वेळी ती फाइल अर्ध्यावरच अडली.