रिपोर्टातल्या चार अक्षरांपायी लेकीची दोन वर्षं गेली

माझ्या लेकीने कॉलेजची शाखा निवडली ती एका २४ पानी रिपोर्टावर विसंबून. हिशेबशास्त्र आणि डेटा विश्लेषण. दोन वर्षांनी तिने ती शाखा सोडली. पैसा गेला, पण त्याहून वाईट म्हणजे ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं ती मानायला लागली होती. तुमच्या घरात शाळा संपत आलेलं मूल असेल आणि ‘व्यक्तिमत्त्व चाचणीवरून करिअर’ असं काही समोर आलं असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

सुरुवात एका करिअर मार्गदर्शन संस्थेच्या फुकट व्याख्यानाने झाली. व्याख्यान संपताना सगळ्या मुलांना मोबाइलवर दहा मिनिटांची चाचणी दिली. निकाल लगेच आला, स्वभावाचा प्रकार सांगणारी चार इंग्रजी अक्षरं आणि तीन ओळी. पूर्ण रिपोर्ट हवा असेल तर पैसे भरा, आजच भरले तर सवलत. रिपोर्ट हातात आल्यावर कळलं की तो समजावून सांगण्याचं सत्र वेगळं आणि त्याची फी वेगळी. त्यानंतर प्रवेशाच्या मार्गदर्शनाचं पॅकेज, तेही वेगळं. आधी भरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. आम्हीही भरत गेलो.

समुपदेशक बाई फार मायेने बोलत होत्या. लेकीला म्हणाल्या, “तू बाहेरून शांत दिसतेस, पण आत सारखे विचार चालू असतात, हो ना?” लेकीने मान हलवली. “काही चुकलं की दुसऱ्यांपेक्षा स्वतःलाच जास्त बोल लावतेस?” पुन्हा मान हलली. मी शेजारी बसून थक्क. आपलं पोर या बाईंना अर्ध्या तासात कसं कळलं! माझा विश्वास बसला तो तिथे, आणि पुढचं सगळं त्या विश्वासावर घडलं.

मग त्यांनी सतरावं पान उघडलं. डावीकडे हिरव्या रंगात ‘अनुकूल क्षेत्रं’, उजवीकडे लाल रंगात ‘टाळावीत अशी क्षेत्रं’. लाल यादीत तिसऱ्या ओळीत फिजिओथेरपी होतं.

लेक हळूच म्हणाली, “मॅडम, पण मी त्याचाच विचार करत होते.”

“बाळा, तू अंतर्मुख आहेस. दिवसभर पेशंटशी बोलून तू पार थकून जाशील. हे मी नाही सांगत, विज्ञान सांगतंय.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मॅडम एवढं सांगतायत तर ऐकूया ना.” हे वाक्य माझं आहे आणि त्याची जबाबदारीही माझी.

आता त्या आधीच्या वर्षाबद्दल सांगते. माझ्या सासूबाई पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट घरी यायच्या. त्या गेल्या की संध्याकाळचा व्यायाम लेक करून घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिने एक वही केली होती. ‘आज वॉकर धरून ९ पावलं. उजवा पाय ओढतात.’ ‘आज १४. मध्ये दोनदा थांबल्या. टाच आधी टेकवा म्हटलं की टेकवतात, म्हटलं नाही की विसरतात.’ आजी चिडायच्या, रडायच्या, ही समोर स्टूल घेऊन बसायची आणि त्यांचं सगळं ऐकून घेऊन पुन्हा उभं करायची. तेव्हा ती थकलेली मला कधी दिसली नाही. ती वही कपाटातच होती. समुपदेशक बाईंनी त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, आणि मलाही ती वही त्यांना दाखवावीशी वाटली नाही, कारण आमच्या हातात ‘शास्त्रीय’ रिपोर्ट होता.

बाईंनी तीन कॉलेजं सुचवली. आम्ही घेतलं त्या कॉलेजच्या फॉर्मवर ‘संदर्भ’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात आधीच एक कोड छापून आला होता. मी खिडकीवर विचारलं. कारकून म्हणाले, “ते तुमच्या काउन्सिलरचं असतं, ताई.” मी ‘बरं’ म्हणून सही केली. त्या कोडवर दर प्रवेशामागे बाईंच्या संस्थेला कमिशन मिळतं, हे दोन वर्षांनी प्रवेश रद्द करायला गेले तेव्हा त्याच खिडकीवर कळलं.

पहिल्या वर्षी ती पास झाली. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. तिला गणित जमत नव्हतं असं नाही, पुस्तक उघडावंसंच वाटत नव्हतं. एका रात्री म्हणाली, “आई, रिपोर्टात लिहिलंय की हे मला आवडायला हवं. मग मला का आवडत नाही?” एवढं तिने विचारलं आणि मी त्या रात्री तो रिपोर्ट पहिल्यांदा नीट, शेवटच्या पानापर्यंत वाचला.

शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत गुणांचा तक्ता होता. अंतर्मुखता ५२, बहिर्मुखता ४८. बस, एवढाच फरक. दोन-तीन प्रश्नांची उत्तरं वेगळी दिली असती तर अक्षर बदललं असतं, अक्षराबरोबर सतरावं पान बदललं असतं आणि फिजिओथेरपी कदाचित हिरव्या यादीत गेली असती. माणसांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करून मधोमध रेघ मारायची, रेघेच्या अलीकडचे सगळे बुटके आणि पलीकडचे सगळे उंच म्हणायचे, असा हा प्रकार. रेघेला खेटून उभी असलेली दोन माणसं जवळजवळ सारखीच असतात, पण रिपोर्ट त्यांना दोन वेगळ्या जातीची माणसं ठरवतो.

मी लेकीला विचारलं, तू ही उत्तरं कशी दिली होतीस? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजी जाऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते ना. मला कुणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं. ‘समारंभात जायला आवडतं का’ असं विचारलं होतं, मी ‘नाही’वर टिचकी मारली.” त्या चाचणीत तिचा स्वभाव मोजला गेलाच नाही. तिचं दुःख मोजलं गेलं, आणि त्यावरून तिने आयुष्यभर काय करायचं ते ठरवलं गेलं.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. आमच्या हातात होती ती चाचणी मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटरच्या धर्तीवर बेतलेली होती. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांविषयी पुस्तक लिहिलं. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या चार जोड्या आणि सोळा प्रकारांची प्रश्नावली रचली. प्रत्येक जोडीतलं एक, अशी ती चार अक्षरं. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्रात रीतसर शिक्षण नव्हतं. ही प्रश्नावली करिअर मार्गदर्शनासाठी वापरावी इतकं चांगलं संशोधन उपलब्ध नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने १९९१ मध्येच काढला होता. कुणाला नोकरी द्यायची हे ठरवायला ही चाचणी वापरू नका, असं ती विकणारी मूळ कंपनी स्वतः सांगते. नोकरीला माणूस निवडायला जी चालत नाही, तिच्यावरून शाळकरी पोराची आयुष्याची वाट ठरवायची? आणि ही तर मूळ चाचणीही नव्हे, तिची नक्कल.

‘या प्रकारच्या लोकांना ही क्षेत्रं अनुकूल’ हे येतं कुठून, तेही बघा. एखाद्या व्यवसायात कोणत्या प्रकारची माणसं किती सापडली, अशी कोष्टकं असतात. तिथे जास्त सापडली म्हणजे ती तिथे चांगलं काम करतात किंवा सुखी आहेत, असं त्यातून मुळीच निघत नाही. प्रत्येक व्यवसायात अबोल माणसं असतात आणि बोलकीही असतात. आमच्या घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई कामापुरतं बोलायच्या. सासूबाईंचा जीव होता त्यांच्यावर.

पण मग रिपोर्ट इतका जुळला कसा? मला हेच छळत होतं. शेवटी मी एक केलं. लेकीच्या रिपोर्टाचं चौथं पान, ‘तुम्ही कसे आहात’, नाव झाकून माझ्या भावाला वाचायला दिलं. म्हटलं, तुझा रिपोर्ट काढून घेतलाय. माझा भाऊ म्हणजे लग्नघरात शिरला की सगळ्यांचा आवाज खाली जाईल असा माणूस. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि गंभीर होऊन म्हणाला, “अगं ताई, हे तर मीच आहे. लोकांना वाटतं हा नुसता बडबडा, पण आत काय चालतं ते मलाच माहीत.”

हे काही नवीन नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्यासाठी खास’ म्हणून वर्णन दिलं. ते किती जुळतं याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता. त्यात एक वाक्य होतं, तुमच्यात बरीच क्षमता आहे जी तुम्ही अजून वापरलेली नाही. माझ्या लेकीच्या चौथ्या पानावर जवळपास तेच वाक्य आहे. ते वाचताना माझे डोळे भरून आले होते.

मी त्या संस्थेत परत गेले. रिपोर्टाच्या मुखपृष्ठावर अचूकतेचा नव्वदीतला आकडा ठळक छापला होता. मी विचारलं, ही अचूकता कशाची? रिपोर्टाप्रमाणे शाखा घेतलेली मुलं पुढे टिकली का, हे तुम्ही कधी पाहिलंत? उत्तर मिळालं, “रिपोर्ट वाचून इतक्या टक्के पालकांनी सांगितलं की वर्णन तंतोतंत जुळतं.” म्हणजे फोररने १९४८ मध्ये जे मोजलं तेच. चाचणीची माहितीपुस्तिका मागितली, म्हणजे ती कुणावर तपासली, महिन्याभराने पुन्हा घेतली तर तोच निकाल येतो का, हे लिहिलेलं असतं ती. ती ‘अंतर्गत’ असल्याचं सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत. उलट ‘आता वय वाढलंय, तर प्रगत चाचणी करून घ्या’ असं सुचवलं.

चाचणी नावाची प्रत्येक गोष्ट खोटी, असं मी म्हणत नाही, तसं म्हणणंही चुकीचं होईल. आवड मोजणाऱ्या चाचण्या वेगळ्या असतात. स्ट्राँग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये अशी एक तयार केली, जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये आवडींच्या सहा प्रकारांची मांडणी केली. तुम्ही कसे आहात यापेक्षा तुम्हाला काय करायला आवडेल, यंत्र दुरुस्त करायला की आजाऱ्याची सेवा करायला, असं तिथे विचारतात. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या संकेतस्थळावर हॉलंडच्या मांडणीवरची ६० प्रश्नांची प्रश्नावली फुकट आहे. लेकीने ती भरली तेव्हा त्या सहांपैकी ‘सामाजिक’ आणि ‘शोधक’ हे दोन प्रकार वर आले. तीही मी निकाल म्हणून धरली नाही, बोलणं सुरू करायला वापरली. करिअर मार्गदर्शनाचा पाया घालणारे बोस्टनचे फ्रँक पार्सन्स यांचं पुस्तक १९०९ मध्ये निघालं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, स्वतःची ओळख, कामाची ओळख, आणि या दोन्हींचा एकत्र नीट विचार. आम्ही पैसे मोजले ते फक्त पहिल्या गोष्टीसाठी, आणि तीही धड मिळाली नाही.

दुसरी गोष्ट यावेळी लेकीने स्वतः केली. सासूबाईंच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन केला आणि त्यांच्या विभागात दोन दिवस कोपऱ्यात बसून पाहायची परवानगी मिळवली. घरी येऊन तिने आधी वाईटच सांगितलं. पेशंट घरी व्यायाम करत नाहीत आणि खोटं सांगतात. नोंदी लिहिण्यात फार वेळ जातो. बाईंची स्वतःची पाठ दुखते. एक आजोबा दोन्ही दिवस तिच्यावर खेकसले.

मी विचारलं, “मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी ते चार पायऱ्या चढले.”

फॉर्म तिने या महिन्यात भरला. प्रवेश मिळाला तर वर्गातल्या मुलांपेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल. याही फॉर्मवर ‘संदर्भ’ असा रकाना आहे. तो तिने कोरा सोडलाय.